एक किनारा, दोन पडदे

आपल्या सीमाभागातल्या घरांत सिनेमाची चर्चा नेहमी दोन-अडीच भाषांत चालते. सून मराठीत विचारते, सासूबाई कन्नडमध्ये उत्तर देतात आणि नातवंडे दोन्ही ऐकून भलत्याच तिसऱ्या भाषेत बोलतात. अशा घरांत 'कांतारा बघितला काय?' म्हणून विचारावे, तर उत्तर येते, 'बघितला की! हिंदीतून.' घरात कन्नड जाणणारी चार माणसे असताना कन्नड चित्रपट हिंदीतून बघायचा, म्हणजे पंक्तीत वाढलेली पुरणपोळी बाजूला सारून दुकानातली बर्फी मागण्यासारखे झाले!

आज दोन चित्रपटांविषयी एकत्र लिहायचे आहे. एक कन्नड 'कांतारा' (सप्टेंबर २०२२) आणि दुसरा मराठी 'दशावतार' (सप्टेंबर २०२५). दोघांत तीन वर्षांचे अंतर आहे, पण दोन्ही एकाच ताटात वाढावेत असे आहेत. दोन्हींत किनारपट्टीचे रान आहे, त्या रानावर डोळा ठेवणारी माणसे आहेत आणि अंगावर देव घेऊन उभा राहणारा एक साधा माणूस आहे.

'कांतारा'ची गोष्ट तशी जमिनीच्या तंट्याची. १८४७ साली राजाने दैवाला शब्द देऊन गावकऱ्यांना जमीन दिली. पुढच्या पिढीतल्या वारसाला ती परत हवी आहे. वनखाते म्हणते, रान सरकारचे. गावकरी म्हणतात, आम्ही इथलेच. या वादात पंजुर्ली आणि गुळिग ही तुळुनाडूची दैवते उतरतात. ऋषभ शेट्टी हे मूळचे कुंदापूर तालुक्यातल्या केराडीचे. दिग्दर्शनही त्यांचे आणि मुख्य भूमिकाही त्यांचीच. शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत हा माणूस पडद्यावर जे करतो, ते बघून खुर्चीचा हात घट्ट धरावासा वाटतो. २०२४ मध्ये जाहीर झालेला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला, तो योग्यच.

पण या चित्रपटाची खरी चव आहे त्याच्या बोलीत. कुंदापूरकडची कन्नड आपल्या धारवाडी कानांनाही आधी बिचकवते. दहा मिनिटे कान लावून बसले की मग त्यातली थट्टा, शिव्या, आईचा रागेजलेला लाड सगळे उमगू लागते. हिंदी आवाजात गोष्ट कळते, गाव मात्र हरवते.

आता 'दशावतार'. सुबोध खानोलकर यांच्या या चित्रपटात दिलीप प्रभावळकर बाबुली मेस्त्री झाले आहेत. शरीर थकलेले, पण तोंडाला रंग लावल्याशिवाय चैन न पडणारा म्हातारा दशावतारी! प्रदर्शनाच्या वेळी प्रभावळकरांचे वय ८१. त्या वयात त्यांनी अंगावर चढवलेले ते अवतार बघताना अभिनय म्हणजे काय, हे वर्गात तासभर सांगूनही समजणार नाही इतके समजते. बाप-लेकाच्या प्रेमाचा पूर्वार्ध तर फारच हृद्य. इथेही खाणीच्या हव्यासापोटी रान धोक्यात येते आणि इथेही मालवणी बोली कथेला मातीचा वास देते.

आपल्यापैकी पुष्कळांनी कोकणात किंवा गोव्यात पाहुण्यांकडे जत्रेला जाऊन रात्रभर दशावतार पाहिला असेल. एक बाकडे, पेटी, मृदंग, झांज आणि तोंडपाठ संहितेशिवाय आयत्या वेळी रंगणारी संवादांची जुगलबंदी. आता गंमत बघा. कानडी किनाऱ्यावरच्या यक्षगानालाही पूर्वी 'दशावतार आट' म्हणत. उत्तर कानडातून सांगलीला आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहूनच पटवर्धन सरकारांनी विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत करायला सांगितले आणि १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' उभे राहिले. म्हणजे ज्या मराठी रंगभूमीचा आपण अभिमान बाळगतो, तिच्या पाळण्याची दोरी एका कानडी हाताने हलवली आहे! राजकारणाच्या नकाशावर रेघ कुठेही ओढा, खेळियांच्या वाटा केव्हाच ती ओलांडून गेलेल्या होत्या.

कोणी म्हणेल, 'गोष्ट कळली म्हणजे झाले, भाषेचे एवढे काय?' त्यांनी 'सैराट' आठवावा. २०१६ च्या त्या चित्रपटावरून २०१७ मध्ये कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' निघाला. नायिका तीच रिंकू राजगुरू, कथा तीच. पण आर्चीच्या तोंडची करमाळ्याकडची रांगडी मराठी गेली आणि तिच्याबरोबर आर्चीचा अर्धा रुबाबही गेला. २०१८ च्या हिंदी 'धडक'मध्ये तर उरलेला अर्धाही गेला. कथा विकत घेता येते, बोली नाही.

दोन्ही चित्रपट निर्दोष आहेत असे मात्र नाही. 'कांतारा'मधला नायक लीलाशी ज्या दांडगाईने वागतो, ती प्रेम म्हणून खपवून घेणे मला तरी जमले नाही. घरात वयात आलेली मुले असतील तर त्यावर दोन शब्द बोलायला हवेत. 'दशावतार'चा उत्तरार्ध सूडाच्या ठरावीक रुळांवरून धावतो. पुढचा अवतार कोणता, एवढेच मग आपण मोजत राहतो. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला 'कांतारा : चॅप्टर १' डोळे दिपवतो खरा, पण पहिल्या भागातल्या चिखलाचा वास त्या भव्यतेत विरून जातो. त्यानंतर काही प्रेक्षक चित्रपटगृहांत दैवाच्या नकला करू लागले, तेव्हा तसे करू नका अशी विनंती निर्मात्यांनाच करावी लागली. ज्यांच्या घरी कोला हे कुलाचे कर्तव्य आहे, त्यांना हे किती लागले असेल!

माझी काळजी वेगळीच आहे. आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या मुलांना मराठी येते, कन्नडही येते, पण दोन्ही 'घरापुरती'. मनोरंजन म्हटले की हिंदी, नोकरी म्हटले की इंग्रजी. ज्या भाषेत माणूस हसत नाही आणि रडत नाही, ती भाषा आधार कार्ड किंवा रेशन कार्डावर उरते, जिभेवर उरत नाही. दोन भाषांचे धन आजोळातून फुकट मिळालेली आपली मुले दोन्हीकडून रिकामी राहावीत, यापरते दुर्दैव कोणते?

म्हणून एक साधा उपाय सुचवतो. आता घरच्या टीव्हीवर हवी ती भाषा निवडण्याची सोय बहुधा असते. येत्या सुट्टीत एक दिवस 'कांतारा' कन्नडमधून लावा आणि दुसऱ्या दिवशी 'दशावतार' लावा. शेजारी आजी-आजोबांना बसवा. अडलेला शब्द मुलांनी त्यांना विचारू दे. एखादा त्यांनाही अडेल, मग सगळे मिळून हसा. 'हंगंद्रेनु?' आणि 'म्हणजे काय गो?' हे दोन प्रश्न ज्या घरात एकाच सोफ्यावरून विचारले जातात, त्या घराची श्रीमंती कुठल्याही तिकीटबारीवर मोजता येणार नाही.