वाद्य शिकवा, पण गुणांसाठी नको

व्हायोलिन वाजवताना दोन्ही हात एकाच वेळी राबतात, पण त्यांचे काम सारखे नसते. डाव्या हाताची बोटे तारांवर स्वराची नेमकी जागा शोधत स्वतंत्रपणे फिरतात, तर उजवा हात गज पेलतो. थॉमस एल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूचा अभ्यास करून १९९५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. डाव्या हाताच्या बोटांचा स्पर्श मेंदूच्या ज्या भागात नोंदला जातो, तो भाग वादकांमध्ये इतरांपेक्षा विस्तारलेला होता. उजव्या हाताबाबत असा फरक दिसला नाही. ज्यांनी लहान वयात वाद्य हाती घेतले, त्यांच्यात हा परिणाम अधिक ठळक होता. म्हणजे ज्या बोटांनी मेहनत केली, त्यांच्याच वाट्याची जागा वाढली. वाद्यवादनाने मेंदू घडतो हे खरे. मात्र ज्या कामाचा रियाज होतो, मुख्यतः त्याच कामासाठी तो घडतो. मुलांना वाद्य शिकवताना या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवायला हव्यात.

यावर पहिली शंका रास्तपणे घेतली जाते: मेंदू मुळातच तसा असेल म्हणून ही माणसे वादक झाली नसतील कशावरून? या शंकेला दोन अभ्यासांनी चांगले उत्तर दिले आहे. क्रिस्टा हाइड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे सहा वर्षांची मुले होती. काही मुले पंधरा महिने कीबोर्ड शिकली, काही शिकली नाहीत. सुरुवातीला दोन्ही गटांच्या मेंदूत फरक नव्हता. पंधरा महिन्यांनी हाताच्या हालचाली आणि श्रवण यांच्याशी संबंधित भागांत तो दिसू लागला. दुसरा अभ्यास स्वीडनमधील एकसारख्या जुळ्यांचा, २०१८ सालचा. प्रत्येक जोडीतील एकाने पियानोचा सराव केला होता, दुसऱ्याने जवळजवळ नाही. जनुके तीच असूनही सराव करणाऱ्यांच्या मेंदूत श्रवण आणि हालचालींशी निगडित भाग अधिक विकसित आढळले. जन्मजात कल असतोच. तरीही सगळे श्रेय त्यालाच देता येत नाही.

हे का घडते, ते तबल्याकडे पाहिले तरी कळते. उजव्या हाताची बोटे चाटेवर किंवा शाईवर नेमक्या जागी पडावी लागतात, डाव्या तळव्याचा दाब डग्ग्याचा नाद वरखाली करतो आणि हे सगळे समेवर वेळेत पोहोचावे लागते. हवा तसा बोल निघाला नाही, तर कान तत्काळ सांगतो आणि पुढचा आघात सुधारला जातो. हात, कान आणि काळाचे भान यांची ही देवघेव रियाजात हजारो वेळा होते. त्यातूनच मेंदूतील जोडण्या पक्क्या होतात. नुसते संगीत ऐकून हे साधत नाही, कारण तिथे चूक करायला आणि ती दुरुस्त करायला हातच नसतात.

अडचण सुरू होते ती संगीताने बुद्धी वाढते, अशा यापुढच्या दाव्यांपासून. १९९३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका प्रयोगात मोझार्टची रचना दहा मिनिटे ऐकल्यावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आकृत्यांची काही कोडी अधिक चांगली सोडवली. तो परिणाम पाव तासही टिकला नव्हता. तरीही १९९८ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची ध्वनिफीत देण्यासाठी सरकारी निधी मागितला. प्रत्यक्ष वादनाबाबतचा पुरावाही जपूनच वाचावा लागतो. ग्लेन शेलेनबर्ग यांच्या २००४ सालच्या अभ्यासात संगीत शिकलेल्या सहा वर्षांच्या मुलांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा जेमतेम तीन अंकांनी जास्त वाढला. पुढे सला आणि गोबे या संशोधकांनी २०२० साली पन्नासहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. जिथे मुलांची गटवारी चिठ्ठ्या टाकून केलेली असेल आणि तुलनेच्या गटालाही दुसरे काही शिकवले असेल, तिथे बुद्धी किंवा अभ्यासावरचा परिणाम जवळपास शून्यावर येतो, असे त्यांना आढळले. हाइड यांच्या अभ्यासातही मुलांची प्रगती बोटांच्या हालचाली आणि सूर-लय ओळखणे यांतच दिसली होती.

मग गणित सुधारणार नसेल तर वाद्यावर वेळ आणि पैसा का घालवायचा, असे पालक विचारतील. या प्रश्नातच चूक आहे. गणिताने सूर कळतो का, असे आपण विचारत नाही. तरी गणित शिकवतो, कारण ती स्वतंत्र क्षमता आहे. सूक्ष्म ऐकणे, हातांवर ताबा, इतरांच्या लयीशी आपली लय जुळवणे याही स्वतंत्र क्षमता आहेत आणि त्या दुसऱ्या कुठल्या विषयातून मिळत नाहीत. मात्र सराव घाईने किंवा सक्तीने करून घेऊ नये, याला एक कारण आहे. सरावाने घडणारा मेंदू चुकीच्या, अतिताणाच्या सरावाने बिघडूही शकतो. काही व्यावसायिक वादकांना ‘फोकल डिस्टोनिया’ जडतो. बोटांवरचा ताबा सुटतो आणि वर्षानुवर्षांची कमाई धोक्यात येते.

महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय संगीत, लोककला, चित्रकला यांसाठी सवलतीचे गुण मिळतात. कलेची दखल घेतली जाते, हे चांगलेच. पण बक्षीस दहावीत ठेवले की क्लास गुणांच्या हिशेबाने लावला जातो आणि गुण पदरात पडले की तबला कोपऱ्यात जातो. लहान वयातील सुरुवातीबद्दल विज्ञान जे सांगते, त्याच्या हे नेमके उलट आहे. गुणपत्रिकेच्या शेवटी नव्हे, तर पहिली-दुसरीच्या वेळापत्रकात वाद्याला जागा हवी. सरकारी शाळांत हार्मोनियम, ढोलकी, टाळ यांवर मुलांचे हात रोज पडायला हवेत आणि शिकवायला जाणकार शिक्षक हवा. पालकांनीही मूल हुशार होईल म्हणून नव्हे, तर ते वाजवू शकेल म्हणून वाद्य आणावे. तेवढे कारण पुरेसे आहे.