घरच्या घरीं : मोटारीचे अंधुक दिवे

कात्रपहून एका वाचक भगिनीनें विचारिलें आहे : "आमची मोटार तेरा वर्षांची झाली. पुढच्या दोन्ही दिव्यांवर पिवळट साय धरली आहे, आणि पावसाळा लागला कीं उजव्या दिव्यांत पाणी सांचतें. गॅरेजवाले म्हणतात, दोन्ही दिवे नवे घ्या. मुलगी रात्रीं उशिरां स्टेशनवर उतरते. तिला आणावयास मलाच जावें लागतें. हे दिवे घरीं दुरुस्त होण्यासारखे आहेत काय ?"

प्रश्न एकीचा असला तरी अडचण पुष्कळांची आहे. बदलापुराच्या पूर्वेकडील या वस्तींत गाड्या बहुधा उघड्यावरच उभ्या असतात. आठ महिने ऊन आणि चार महिने सह्याद्रीच्या पायथ्याचा मुसळधार पाऊस, असा दुहेरी मारा त्यांना सोसावा लागतो. येथील पाऊस काय करूं शकतो हें २६ जुलै २००५ ला उल्हास नदीच्या पुरानें दाखविलें, आणि २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यांत अडकून पडली तेव्हांहि दिसून आलें. अशा मुलखांत गांवाची वस्ती मागें टाकून वांगणी-कर्जतच्या बाजूस निघालें, कीं चालविणाराची सारी भिस्त पुढच्या दोन दिव्यांवर असते. म्हणून या प्रश्नाचें उत्तर थोडें विस्तारानें देत आहों.

प्रथम रोगाचें कारण पाहूं. मुंबईच्या रस्त्यांवर जिनें पिढ्यान्‌पिढ्या टॅक्सीचें काम केलें आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून जी टॅक्सी म्हणून दिसेनाशी झाली, त्या प्रीमियर पद्मिनीचे दिवे गोल व खऱ्या कांचेचे होते. कांच फुटे, पण पिवळी पडत नसे. आजच्या दिव्यांचें तोंड कांचेचें नसून पॉलिकार्बोनेट नांवाच्या पारदर्शक प्लॅस्टिकचें असतें. १९५३ सालीं जर्मनींत हर्मान श्नेल यांनीं आणि त्याच सुमारास अमेरिकेंत डॅनियल फॉक्स यांनीं, एकमेकांस नकळत, हा पदार्थ शोधून काढला. तो हलका आहे, हव्या त्या आकारांत ओततां येतो आणि खडा लागला तरी सहसा फुटत नाहीं. त्याचा एकच मोठा दोष असा कीं, सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण त्यास सोसत नाहींत. त्यासाठीं कारखान्यांत त्यावर कठीण, पारदर्शक असा संरक्षक थर देतात. कांहीं वर्षांनीं हा थर झिजतो, तडकतो आणि खालचें प्लॅस्टिक पिवळें पडूं लागतें. हा मळ नव्हे. म्हणूनच तो साबणानें जात नाहीं. टूथपेस्टनें घासल्यास दिवा उजळतो हें खरें, परंतु उरलासुरला थरहि तिनें निघून जातो आणि थोड्याच दिवसांत पिवळेपणा पुन्हां येतो.

वरची पिवळी साय काढण्याचें काम घरीं सहज होण्यासारखें आहे. दिवा धुवून घ्यावा व भोंवतालच्या रंगावर चिकटपट्टी लावावी. नंतर वॉटरपेपर म्हणतात तो पाण्यांत चालणारा पॉलिश-पेपर घ्यावा. थर सोलून निघत असेल तर ८०० नंबरापासून, नुसताच धुरकट असेल तर १००० पासून आरंभ करावा. मग १५००, २००० आणि शेवटीं ३००० असें क्रमानें जावें. पाणी सतत सोडीत राहावें. एका पेपरानें आडवें घासलें तर पुढच्यानें उभें घासावें, म्हणजे आधीचे ओरखडे गेले कीं नाहीं तें कळतें. यावेळीं दिवा दुधासारखा पांढुरका दिसतो. त्यानें घाबरूं नये. शेवटीं मऊ फडक्यानें पॉलिश लावून घोटला कीं तो स्वच्छ होतो.

येथेंच बहुतेक लोक थांबतात आणि फसतात. घासून उघडें पडलेलें प्लॅस्टिक पहिल्यापेक्षां लवकर पिवळें होतें. म्हणून अतिनील किरण अडविणारा नवा थर त्याच दिवशीं दिलाच पाहिजे. पुसून लावण्याचें द्रव्य किंवा वरून चिकटविण्याची पारदर्शक फिल्म हे घरगुती उपाय पुरेसे आहेत. दोन द्रव्यें मिसळून फवारण्याचा लॅकर अधिक टिकतो, परंतु त्याच्या वाफेंतील आयसोसायनेट फुप्फुसांस फार अपायकारक आहे. तें काम योग्य साधनें असलेल्या रंगाऱ्याकडेच द्यावें.

आतां पाण्याचा प्रश्न. दिव्यांतील प्रत्येक ओल म्हणजे बिघाड नव्हे. दिवा तापतो तेव्हां आंतली हवा प्रसरण पावते, निवतो तेव्हां बाहेरची हवा आंत येते. यासाठीं त्यास बारीक श्वासछिद्रें मुद्दाम ठेवलेलीं असतात. पावसांतून आल्यावर आंत धूसर दंव दिसलें आणि दिवे लावल्यावर कांहीं वेळानें तें निघून गेलें, तर काळजी नको. थेंब ओघळूं लागले किंवा तळाशीं पाणी सांचलें, तर मात्र कोठें तरी वाट आहे असें समजावें. अशा वेळीं दिवा उघडण्यापूर्वीं मागचें रबरी झाकण पाहावें. बल्ब बदलतांना तें नीट न बसविल्यामुळें पाणी शिरणें ही नेहमींची गोष्ट आहे. तें ठीक असल्यास तोंडावर बारीक तडा आहे काय आणि श्वासछिद्राची नळी निसटली आहे काय, हें तपासावें. सांध्याचा संशय सर्वांत शेवटीं घ्यावा.

सांधाच उसवला असेल तर दिवा गाडीवरून काढावा लागतो. आधीं बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी. पुष्कळ गाड्यांत त्यासाठीं बंपरहि उतरवावा लागतो, तेव्हां जोडीला माहीतगार माणूस असावा. बहुतेक दिव्यांचें तोंड मागच्या कवचाच्या खांचेंत ब्यूटाइल रबराच्या चिकट पट्टीनें बसविलेलें असतें. ही पट्टी ८० ते १०० अंश सेंटिग्रेड उष्णतेस मऊ पडते. कवचाचें पॉलिप्रोपिलीन १६० अंशांच्या सुमारास वितळतें आणि पॉलिकार्बोनेट १४७ च्या आसपास मऊ होतें. हातीं असलेलें अंतर इतकें थोडें आहे. म्हणून हॉट एअर गन एके ठिकाणीं न रोखतां सांध्याभोंवतीं फिरवीत राहावी, स्क्रू व खटके आधीं काढावे आणि तोंड हळूहळू उचलावें. स्वयंपाकघरांतील ओव्हन या कामीं वापरूं नये. त्याच्या तापमानाचा भरंवसा नसतो, आणि ज्यांत अन्न भाजावयाचें त्यांत रबर तापविणें युक्त नव्हे. कांहीं दिवे कडक गोंदानें किंवा वितळवून जोडलेले असतात. ते न सुटल्यास जोर करूं नये. एल.ई.डी. दिवे तर घरीं उघडूंच नयेत.

तोंड निघाल्यावर खांचेंतील जुनें ब्यूटाइल सगळें खरवडावें व आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसावें. तें ज्वालाग्राही आहे, म्हणून गन तेव्हां बंद असावी. आंतल्या चकचकीत रिफ्लेक्टरास फडकें लावूं नये. त्यावरील ॲल्युमिनियमचा लेप इतका पातळ असतो कीं पुसतां पुसतां निघून येतो. आंतील ओल पूर्ण वाळल्यावर खांचेंत नव्या ब्यूटाइलची दोरी अखंड बसवावी, सांधा पुन्हां ऊन करून तोंड सर्व बाजूंनीं सारखें दाबावें आणि निवेपर्यंत खटके-स्क्रू आवळून ठेवावे. सिलिकोनचा मोह टाळावा; त्यांतील ज्या जातीस आंबूस वास येतो, तिच्या वाफेनें रिफ्लेक्टर काळवंडतो. श्वासछिद्रें तर कधींहि बुजवूं नयेत. हें सर्व काम चैत्र-वैशाखांतील कोरड्या दिवशीं करावें. आषाढांत केल्यास दमट हवाच आपण आंत कोंडून ठेवूं.

बल्ब बसवितांना त्याच्या कांचेस बोट लावूं नये. बोटाच्या तेलकटपणानें ती कांच एके ठिकाणीं अधिक तापून लवकर जाते. प्रकाश वाढावा म्हणून कारखान्यानें सांगितल्यापेक्षां अधिक वॅटचा बल्ब घातला तर होल्डर वितळण्याची भीति असते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दिवा काढण्यापूर्वीं सपाट जागेवर, भिंतीपासून सुमारें २५ फुटांवर गाडी उभी करून डिपरच्या प्रकाशाची वरची कड भिंतीवर पट्टीनें खुणावून ठेवावी. दुरुस्तीनंतर ती तेथेंच आणावी. स्वच्छ केलेला दिवा वर रोखलेला राहिला, तर आपणांस रस्ता दिसेल, पण समोरून येणारा स्कूटरवाला आंधळा होईल. दिव्याचा उपयोग पाहण्यास जितका, तितकाच दुसऱ्यास न दिपविण्यास आहे.

तेव्हां आमच्या भगिनीस उत्तर असें : पिवळेपणा घरीं जाईल. पाण्याचें मूळ आधीं मागच्या झाकणांत शोधावें. रिफ्लेक्टर काळा पडला असेल किंवा तोंडास आरपार तडा असेल, तर गॅरेजवाले म्हणतात तें खरें. मग नवा दिवा घेण्यांत कुचराई करूं नये. गाडीस १५ वर्षें झालीं कीं नोंदणीच्या नूतनीकरणासाठीं कल्याणच्या आर.टी.ओ.कडे ती तपासणीस न्यावीच लागेल, आणि तेथें दिवे पाहिले जातील. परंतु त्या तपासणीस अजून दोन वर्षें अवकाश आहे. मुलगी मात्र रोज रात्रीं येते. म्हणून हें काम येत्या कोरड्या रविवारींच उरकावें.