पाटी टांगून सुटका नाही

लॉजवर, हॉटेलात उतरणाऱ्या तमाम गिऱ्हाइकांनो,

काउंटरमागची पाटी आठवा: 'आपल्या मौल्यवान वस्तूंची काळजी स्वतः घ्यावी. चोरी झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.' त्याच काउंटरवर आपल्या आधार कार्डाची झेरॉक्स काढतात, भाडं आगाऊ घेतात आणि खोली वेळेत सोडा म्हणून दम भरतात. नियम सगळे आपल्याला. मास्टर चावी कुणाकुणाच्या खिशात फिरते, मागच्या गिऱ्हाइकाने चावी हरवली तेव्हा कुलूप बदललं का, एवढं विचारलं की मॅनेजर म्हणतो, "अहो, इतक्या वर्षांत काही झालं नाही!"

होईपर्यंत कुठेच काही झालेलं नसतं. १९७४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका मोटेलात, कार्यक्रम आटोपून झोपलेल्या गायिका कॉनी फ्रान्सिस यांच्यावर खोलीत घुसलेल्या माणसाने चाकूच्या धाकाने बलात्कार केला. सरकत्या काचेच्या दाराचं कुलूप लागल्यासारखं दिसे, पण बाहेरून हलवलं की उघडे. त्यांनी मोटेलवाल्यांवर दावा लावला आणि १९७६ मध्ये ज्युरीने त्यांच्या बाजूने २५ लाख डॉलरची भरपाई ठरवली. हल्लेखोर कधीच सापडला नाही. कुलूप सापडलं होतं.

अमेरिकेचं राहू द्या. १९९८ साली दिल्लीच्या ताज महाल हॉटेलातून, पार्किंगसाठी नोकराच्या हाती सोपवलेली मारुती झेन चोरीला गेली. पावतीवर गाडी 'मालकाच्या जोखमीवर' असल्याचं छापलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावलं: गाडी ताब्यात घेतलीत, तर हयगय झाली नाही हे तुम्हीच दाखवा, छापील ओळीआड स्वतःचा निष्काळजीपणा लपवता येणार नाही. निकाल गाडीचा आहे, खोलीतल्या बॅगेचा नाही. हॉटेलचे वकील पहिलं हेच सांगतील, सांगू देत. भाडं घेऊन खोली देणं ही सेवाच, आणि मोडकी कडी किंवा कुणाच्याही हाती लागणारी चावी ही त्या सेवेतली त्रुटी, असा दावा ग्राहक आयोगापुढे मांडायला पाटी आड येत नाही.

म्हणून चोरी झाली तर आधी कडीचा फोटो काढा. मॅनेजरला लेखी तक्रार द्या, त्याची पोच घ्या, पोलिसांत फिर्याद नोंदवा, बिल जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. "साहेब, हॉटेलचं नाव खराब होईल," म्हणून कुणी गळ घातली तर बधू नका.

आणि पुढच्या वेळी सामान टाकण्याआधी आतली कडी जोरात ओढून पाहा. हातात आली, तर ती तशीच खाली नेऊन काउंटरवर ठेवा. बरोब्बर त्या पाटीखाली.