गाठ सरकारने मारली, सोडवायची कुणी?

दुसरं बाळंतपण झालं की आपल्याकडे बाईला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "ऑपरेशन केलंस ना?" आशाताई विचारते, नर्स विचारते, सासू विचारते, शेजारची काकूही विचारते. कुठलं ऑपरेशन, हे सांगावं लागत नाही. काही वर्षांनी तीच बाई उलटा प्रश्न घेऊन आली, "हे ऑपरेशन सोडवता येतं का हो?", की सगळ्यांचे चेहरे बदलतात. कुणी हसतं. कुणी म्हणतं, "दोन आहेत ना, मग आता कशाला?" कुणी शहरातल्या टेस्ट ट्यूब बेबी सेंटरचं कार्ड हातात ठेवतं.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या सरकारने फुकटात, वर पैसे देऊन बायकांच्या नळ्या बांधल्या, त्याच सरकारने मागितल्यावर त्या फुकटात जोडून दिल्या पाहिजेत. जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि बाईचा अपमान न करता.

आधी हे ऑपरेशन म्हणजे काय ते बघू. स्त्रीनसबंदीत गर्भाशय काढत नाहीत, पाळीही थांबत नाही. अंडं ज्या बीजवाहक नळीतून येतं, ती दोन्ही बाजूंना कापून बांधतात किंवा दुर्बिणीतून तिच्यावर घट्ट रिंग बसवतात. म्हणजे रस्ता बंद होतो, घर शाबूत राहतं. म्हणूनच मधला बंद भाग काढून नळीची दोन टोकं पुन्हा जोडता येतात. केसापेक्षा बारीक धाग्याने, भिंगाखाली किंवा दुर्बिणीतून हे टाके घालतात. ही जादू नाही आणि कालपरवाची गोष्टही नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या टाक्यामुळे जगभर ज्यांचं नाव झालं, ते मूळ गोव्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर बंद नळ्या उघडण्याच्या शस्त्रक्रियांवर मुंबईत काम करत होते, त्याला अर्धशतक उलटून गेलं.

यश दर वेळी येतंच असं नाही. बाई पस्तिशीच्या आत असेल, नळीची लांबी पुरेशी उरली असेल, रिंग बसवलेली असेल, तर निम्म्याहून जास्त बायकांना दिवस जाऊ शकतात. नळी जाळलेली असेल किंवा चाळिशी जवळ आली असेल, तर शक्यता झपाट्याने घटते. गर्भ नळीतच रुजण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो, आणि तो जिवावर बेततो. हे सगळं बाईला आधी सांगायला हवं. पण "सांगायला हवं" आणि "म्हणून करूच नये" यांत फरक आहे.

आता पहिला आक्षेप. "सही करताना सांगितलं होतं की हे कायमचं आहे." हो, संमतीपत्रात तसं असतं. पण सही करणारी किती वर्षांची असते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात निम्म्या बायकांचं हे ऑपरेशन साधारण सव्विशीच्या आत उरकलेलं असतं. सव्विसाव्या वर्षी तुमच्यातले कित्येक जण अजून नोकरी बदलत असतात, लग्न करायचं की नाही हे ठरवत असतात. त्या वयात बाईने पुढच्या वीस वर्षांचा अंदाज बांधून सही करावी आणि आयुष्य बदललं तरी शब्द फिरवू नये, ही अपेक्षा आपण आणखी कुणाकडून करतो?

आयुष्य बदलतंच. नवरा जातो. नवरा सोडून जातो. पंचविशीत विधवा झालेली बाई तिशीत पुन्हा लग्न करते. आणि मूल जातं. हे वाक्य लिहायला जड जातं, पण ते टाळलं की सगळा वाद खोटा होतो. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि झोपेतली घरं वाहून गेली. कोकणात दर पावसाळ्यात नदी, दरड, समुद्र कुणाचं तरी मूल नेतो. "दोन आहेत ना" हे वाक्य त्या घरात जाऊन म्हणून बघा.

हे करता येतं, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीत तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, विशेषतः नागपट्टिणममध्ये, कित्येक कोळी कुटुंबांची सगळी मुलं एका सकाळी गेली. त्यातल्या अनेक आयांचं ऑपरेशन झालेलं होतं. तामिळनाडू सरकारने त्यांच्या नळ्या पुन्हा जोडण्याचा खर्च उचलला, आणि त्या घरांत नंतर बाळं जन्मली. म्हणजे सरकारला हे जमतं. फक्त त्यासाठी हजारो माणसं एकदम मरावी लागतात. एकट्यादुकट्या बाईचं एक मूल विहिरीत पडून गेलं, तर त्याची योजना नसते.

दुसरा आक्षेप लोकसंख्येचा. "आधीच इतकी माणसं, त्यात सरकारने आणखी जन्माला घालायला मदत करायची?" रत्नागिरीत बसून हे बोलणाऱ्याने जनगणना उघडावी. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ५ टक्क्यांनी घटली. मुख्य कारण मुंबईला जाणारी माणसं, हे खरं. तरी ज्या जिल्ह्यात बंद घरांना कुलपं आणि पटसंख्येअभावी शाळा बंद पडण्याची भीती आहे, तिथे एका बाईच्या एका बाळाने देश बुडेल ही भीती हास्यास्पद आहे. २०१९-२१च्या पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ होता.

आणि ही लोकसंख्येची काळजी वाहिली कुणी? १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यांतले बहुतेक पुरुष होते. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. पुरुष चिडले, सरकार पडलं, आणि राज्यकर्ते एक धडा शिकले : पुरुषांना हात लावायचा नाही. तेव्हापासून सगळं ओझं बाईवर. २०१९-२१च्या पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती, पुरुषांची ०.३ टक्के. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुषाची नसबंदी सोपी, कमी धोक्याची, पोट न उघडता होणारी. तरी बाईच टेबलावर. त्या टेबलावर काय होतं, ते नोव्हेंबर २०१४मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूरने दाखवलं. एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली गेली आणि तेरा जणी मेल्या.

गंमत अशी की संततिनियमनाचा विचार मराठीत ज्यांनी रुजवला, ते याच मातीशी नातं असलेले. र. धों. कर्वे जन्माने मुरुडचे, दापोली तालुक्यातले. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी गमावली, १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं. त्या मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांची बाजू मांडली ती बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. १९३८मध्ये बाबासाहेबांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत आणला. संततिनियमन म्हणजे मूल कधी आणि किती, हे बाईच्या हातात येणं, असं मी समजतो. पुढे सरकारी कार्यक्रमाने त्यातलं फक्त "नको" उचललं. "हवं" म्हणायचा हक्क वाटेत गळून पडला. ज्या नियोजनात फक्त नकार देता येतो, त्याला नियोजन म्हणत नाहीत.

कायदाही बाईला सोडत नाही. महाराष्ट्रात दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. सप्टेंबर २००१नंतर जन्मलेलं तिसरं मूल पद घालवतं. पहिल्या लग्नाची दोन मुलं असलेली बाई पुन्हा लग्न करते, नळ्या जोडून घेते, तिला बाळ होतं. तिची सरपंचपदाची वाट बंद. नव्या नवऱ्याचं हे पहिलंच मूल असेल, तर त्याची वाट खुली. एकच बाळ, शिक्षा फक्त आईला.

तिसरा आक्षेप जास्त चतुर आहे : "आता आयव्हीएफ आहे, नळ्या कशाला जोडायच्या?" वय जास्त असेल, नवऱ्याचे शुक्रजंतू कमी असतील, नळी फारच खराब असेल, तर आयव्हीएफच योग्य. पण तरुण, बाकी सगळं ठीक असलेल्या बाईला पहिल्याच भेटीत तिकडे वळवणं हा धंदा आहे. आयव्हीएफच्या एका प्रयत्नाला लाखाच्या पुढे खर्च येतो आणि तो फसला की मीटर पुन्हा शून्यापासून. नळ्या जोडल्या तर प्रत्येक महिना हा नवा प्रयत्न, बिलाशिवाय. आंब्याच्या बागेत मजुरी करणाऱ्या किंवा मिरकरवाड्यात मासळी विकणाऱ्या बाईसाठी हा फरक म्हणजे बाळ होणं आणि कर्ज होणं यातला फरक आहे.

रत्नागिरीत २०२३पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मागण्या साध्या आहेत. नळ्या जोडण्याची शस्त्रक्रिया तिथे मोफत व्हावी. ऑपरेशनच्या वेळीच प्रत्येक बाईच्या कागदावर कुठली पद्धत वापरली, किती नळी उरली, हे लिहून तिच्या हातात द्यावं. पुढे जोडताना पहिला प्रश्न तोच असतो. पंचविशीच्या आतल्या बाईला आधी तांबी, इंजेक्शन, नवऱ्याची नसबंदी हे पर्याय समजावून सांगावेत. आणि दोन मुलांची निवडणूकबंदी रद्द व्हावी.

आणि एक काम तुमचं. तुमच्या आईचं, मावशीचं, वहिनीचं ऑपरेशन कितव्या वर्षी झालं, कुणी ठरवलं, विचारून बघा. बहुतेक घरांत उत्तर एका वाक्यात मिळेल आणि त्यात "मी" हा शब्द नसेल. तो शब्द परत आणायचा, एवढीच ही मागणी आहे.