आधी रस्सा, मग मासे

माशांचा बेत ठरला, की घरातली सगळी मंडळी खूश होतात. फक्त जिला तो करायचा असतो, ती जेवायला शेवटी बसते. कुणाला गरमागरम तळलेला तुकडा हवा असतो, तर कुणाला रश्शातला. सगळ्यांची पानं होईपर्यंत तिच्या वाट्याला उरलासुरला रस्सा आणि गार भात येतो. यावर एक सोपा उपाय आहे. तळणीला एक दिवस सुट्टी द्या आणि एकाच भांड्यात सगळ्यांसाठी कालवण करा.

असं कालवण शिकावं ते कावेरीकाठच्या घरांतून. तमिळनाडूत कुंभकोणमजवळ तिरुनीलक्कुडी हे छोटंसं गाव आहे. हा सगळा तंजावरचा मुलूख. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात इथे मराठी राज्य स्थापन केलं आणि ते १८५५ पर्यंत टिकलं. म्हणून हा भाग आपल्याला अगदीच परका नाही. कारैकाल, नागपट्टिणम ही बंदरं जवळ असल्याने समुद्राची मासळीही इथे मिळते. माशांच्या कालवणाला इथे ‘मीन कुळंबू’ म्हणतात. आपल्या कोकम-तिरफळांऐवजी त्यात चिंच आणि मेथीदाणे असतात आणि फोडणी असते तिळाच्या तेलाची.

साहित्य (४-५ जणांसाठी) : सुरमईचे तुकडे अर्धा किलो, सोललेली कोळंबी २०० ग्रॅम, सांबाराचे छोटे कांदे १५ (किंवा मोठे २), टोमॅटो २, लसूण ८ पाकळ्या, लिंबाएवढी चिंच, ओलं खोबरं पाव वाटी, लाल तिखट २ छोटे चमचे, धणेपूड ३ छोटे चमचे, हळद, मोहरी, मेथीदाणे पाव छोटा चमचा, कढीपत्ता, तिळाचं तेल ३ मोठे चमचे, मीठ.

कृती : मासे आणि कोळंबी धुऊन हळद-मीठ लावून ठेवा. चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळ काढा. खोबरं बारीक वाटा. तेलात मोहरी, मेथी आणि कढीपत्त्याची फोडणी करा. मेथी करपली तर कालवण कडू होतं, म्हणून आच मंद ठेवा. कांदा, लसूण व टोमॅटो मऊ होईपर्यंत परता. मग हळद, तिखट आणि धणेपूड घाला. चिंचेचा कोळ, दोन वाट्या पाणी व मीठ घालून १०-१२ मिनिटं उकळू द्या. चिंचेचा कच्चा वास गेला आणि तेल वर आलं, की खोबऱ्याचं वाटण घालून एक उकळी काढा.

मासे घालायचे ते आता! मांसाच्या मानाने माशाचे तंतू आखूड आणि नाजूक असतात, त्यामुळे ते लवकर शिजतात. सुरमईला मंद आचेवर ६-७ मिनिटं पुरतात. कोळंबी शेवटची ३ मिनिटं राहिली की घाला, नाहीतर ती रबरासारखी चिवट होते. डाव फिरवू नका. भांडं फडक्याने धरून हलकेच हलवा, म्हणजे तुकडे मोडणार नाहीत.

सुरमई महाग वाटली, तर बांगडा घ्या. फक्त मुलांना आणि आजी-आजोबांना वाढताना काटे नीट पाहा. मासे घेताना डोळे चमकदार, कल्ले लाल आणि मांस घट्ट आहे ना, हे तपासा. पाहुण्यांपैकी कुणाला कोळंबी बाधत असेल, तर ती वगळा.

रस्सा दुपारीच करून फ्रीजमध्ये ठेवता येतो. संध्याकाळी भाताचा कुकर लावला, की रस्सा उकळून त्यात मासे सोडा. गॅस बंद केल्यावर कालवण वीस मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे आंबट-तिखट चव माशात मुरते. तेवढ्या वेळात मुलांना ताटं-पाणी घ्यायला सांगा. त्यात एक ताट तुमचंही असू द्या आणि भांडं मधोमध ठेवून सगळ्यांबरोबरच जेवायला बसा.