तिसऱ्या महिन्यात मिळालेली गोळी

ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाच्या पाठीला उघडी जागा राहिली, हे मी आजही ऐकतो. शिकलेल्या घरांतून. आणि बोल लावायचा तो सुनेलाच. म्हणून आज नगरपरिषदेचं राजकारण बाजूला ठेवून थोडं लांब लिहितोय, वाचा.

गर्भ राहिल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याच्या पाठीकडच्या बाजूला पेशींची एक चपटी पट्टी तयार होते. तिच्या दोन्ही कडा उचलतात, एकमेकींकडे वळतात आणि जुळून नळी होते. करंजीच्या कडा दाबतो तसं समजा. फक्त इथे सुरुवात मधून होते आणि दोन्ही टोकांकडे सरकते. वरच्या भागाचा मेंदू होतो, खालच्याचा मज्जारज्जू. वरचं तोंड साधारण २५व्या दिवशी मिटतं, खालचं आणखी दोन-तीन दिवसांत. खालचं उघडं राहिलं तर स्पायना बायफिडा: पायांत ताकद कमी, लघवीवर ताबा नाही, कित्येकदा डोक्यात पाणी साठतं. वरचं राहिलं तर मेंदू-कवटीची नीट वाढच होत नाही, ते मूल जगत नाही.

आता हिशेब करा. पाळी चुकते तेव्हा गर्भ जेमतेम दोन आठवड्यांचा. मग आठ दिवस वाट बघायची, मग घरात सांगायचं, मग दवाखाना. बारा आठवड्यांच्या आत नोंद झाली की आपण म्हणतो वेळेत झाली. तोवर नळी मिटायची वेळ उलटून दीड महिना झालेला असतो! तेव्हा दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी रक्तवाढीला उपयोगी, पण या कामाला नाही.

१९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. आधी असं बाळ झालेल्या बायकांनी गर्भ राहण्याआधीपासून ही गोळी घेतली, तर पुन्हा तसं होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला. अमेरिकेने १९९८पासून पिठात फॉलिक ॲसिड मिसळणं सक्तीचं केलं. खुद्द ब्रिटनने तो निर्णय घ्यायला २०२१ उजाडलं. आपल्याकडे रेशनच्या तांदळात असे दाणे आले, तर व्हॉट्सॲपवर ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून बोंब!

सगळंच गोळीने टळत नाही, आनुवंशिक कारणंही असतात. फिटची काही औषधं घेणाऱ्या किंवा आधी असं बाळ झालेल्या बाईला डोस वेगळा लागतो, तो डॉक्टरांनाच विचारा. पण बाकीच्यांसाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भ राहण्याआधीपासून, हे ‘ॲनिमिया मुक्त भारत’च्या कागदांवरही आहे. अडचण कागदाची नाही. नव्या सुनेला ‘दिवस गेलेत का’ हे सगळे विचारतात, ‘गोळी सुरू केलीस का’ हे कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच, लग्नाच्या नोंदणीच्या टेबलावरच गोळ्यांची पाकिटं ठेवा. आपल्याकडे नोंदणी पासपोर्ट काढायची वेळ आली की आठवते, हेही खरं. म्हणून दुसरा रस्ता आशाताईंचा. गावात कुणाचं लग्न झालं हे त्यांना ग्रामसेवकाआधी कळतं. पण गोळ्यांचा साठा उपकेंद्रात हवा, आणि या जास्तीच्या फेरीचे पैसे त्यांना मिळायला हवेत; फुकट राबवून घेणं पुरे.

येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी देतोय. आपापल्या गावात द्यायचा असेल तर हाच मजकूर उचला, माझं नाव नको.