दार उघडले, उंबरा ओलांडा!

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी एकेका कागदासाठी गावोगाव पायपीट केली. माळ्यावर धूळ खात पडलेली दप्तरे मिनतवारीने मिळविली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रकाशात आणली. ते खंड आज इंटरनेट अर्काइव्हवर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. ज्या साधनांसाठी एका विद्वानाने आयुष्य वेचले, ती आता खिशातल्या भ्रमणध्वनीवर उतरली आहेत. प्रश्न एवढाच, की ती वाचणार कोण?

पुण्याच्या अभ्यासकाला या सोयीचे फारसे अप्रूप नसेल. भांडारकर संस्था आणि भारत इतिहास संशोधक मंडळ त्याच्या हाकेच्या अंतरावर आहेत. परंतु अकोले तालुक्याच्या डोंगरी पट्ट्यातील राजूरच्या विद्यार्थ्याचे काय? याच तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे. इंग्रजी सत्तेविरुद्ध उठलेल्या या वीराला २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. आपल्याच मातीतील या पुरुषाचा अभ्यास करावयाचा, तर कालपर्यंत पुणे-मुंबई गाठणे, तेथे राहणे, खर्च सोसणे भाग होते. आज अहमदनगर जिल्ह्याचे १८८४ चे गॅझेटियर राजूरला बसून वाचता येते. जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाने शोधसुविधेसह खुले केले आहेत. विद्यापीठीय प्रबंध ‘शोधगंगा’वर आहेत, मराठी विश्वकोशही संकेतस्थळावर आहे. टिपणे व संदर्भ नीट लावून ठेवण्यासाठी ‘झोटेरो’सारखी आज्ञावली फुकट मिळते.

तथापि साधन हाती आले म्हणजे विवेकही आला, असे नव्हे. गॅझेटियर राज्यकर्त्यांनी आपल्या कारभारासाठी लिहविले. सह्याद्रीतील उठाव त्यात बंडाळी आणि बंदोबस्त यांच्या भाषेत येतात. त्यातील तारखा, गावे व तपशील उपयोगाचे आहेत. निवाडा मात्र तपासूनच घ्यावा लागतो. हे तारतम्य शिकविणारा कोणी शेजारी नसेल, तर खुला ग्रंथ वाचकाला घडवील तसा चकवीलही.

आणखी एक गोष्ट अंतर्मुख करणारी आहे. भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली. ती संहिता संगणकावर उतरविली जपानच्या तोकुनागा यांनी आणि सुधारून घेतली केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी. त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण परंपरेचा अभिमान आपण बाळगायचा आणि तिची अक्षरे इतरांनी जुळवायची, हे कोठवर शोभणार?

म्हणून प्रत्येक गावच्या वाचनालयाने आता केवळ पुस्तके देणारी खिडकी राहू नये. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवावी. एक संगणक, एक जाणता शिक्षक आणि चार-पाच जिज्ञासू मुले एवढे भांडवल पुरेसे आहे. कोठे काय शोधावे, दोन साधने ताडून कशी पाहावीत, संदर्भ कसा नोंदवावा, हे तेथे शिकवावे. आणि घेण्याबरोबर देणेही घडावे. घराघरांतील मोडी कागदांची छायाचित्रे मालकाच्या संमतीने काढावीत. ज्येष्ठांच्या मुखातील गाणी, स्थळनामे व आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. स्वामित्वहक्क संपलेले ग्रंथ मराठी विकिस्रोतावर शुद्ध करून चढवावेत. यंत्राने वाचलेल्या मराठी मजकुरात चुका राहतात. त्या दुरुस्त करणे हे घरबसल्या होणारे, पण खरे ज्ञानकार्य आहे.

एकाच ठिकाणी ठेवलेला ठेवा किती असुरक्षित असतो, हे ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवरील हल्ल्याने महाराष्ट्राला दाखविले. त्या दिवशी ग्रंथांची व दुर्मिळ सामग्रीची नासधूस झाली. प्रत अनेक ठिकाणी असेल तर ठेवा टिकतो. आणि वाचक अनेक असतील तरच तो जिवंत राहतो.

राघोजींचा इतिहास परक्या अधिकाऱ्याने लिहिला तेवढाच शिल्लक राहावा, की देवगाव-राजूरच्या मुलांनी तो पुराव्यानिशी पुन्हा लिहावा? साधने हाती आली आहेत. उत्तर आता आपल्या कष्टांतून द्यावयाचे आहे.